जुनं नेटबुक भंगारात घालू नका, आधी त्यातलं विंडोज बदलून बघा

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या एका विद्यार्थिनीचे अब्बा पिशवीत एक छोटा लॅपटॉप घेऊन घरी आले. नळदुर्गच्या हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. सोलापूरला जुन्या सामानात हे मशीन त्यांना दोन हजारांत मिळालं होतं. दहा इंची स्क्रीन, एक जीबी रॅम, खाली विंडोज ७ स्टार्टरचं अर्धं पुसलेलं स्टिकर. म्हणाले, "सर, पोरगी दहावी झाली. कॉम्प्युटर शिकायचं म्हणते. घरात मोबाईल एकच, तोही दिवसभर माझ्या खिशात. हे मशीन सुरू व्हायलाच दहा मिनिटं लावतं. एक जण म्हणाला, भंगारात घाला. पैसे बुडाले का आमचे?"

आम्ही म्हटलं, भाई, मशीन बुडालेलं नाही. त्यातली सिस्टीम तेवढी बदलावी लागेल.

असा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. पुण्या-मुंबईचा भाचा जुनं नेटबुक देऊन जातो, किंवा आपणच कुठून तरी स्वस्तात आणतो. चार दिवस लेकरं बटनं दाबतात, मग ते कपाटावर जातं. म्हणून हे काम कसं करायचं, त्यातून काय मिळतं, काय मिळत नाही आणि आमच्या हातून कुठे चूक झाली, हे सगळं इथे सरळ सांगतो.

मशीन का अडकतं?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन आणि आपण यांच्यातला दुभाषी. बटन दाबलं, फाईल उघडली, प्रिंट काढली, की प्रत्येक गोष्ट तिच्यामार्फत होते. विकत घेताना आत जी असते ती बहुधा विंडोज. पण ती मशीनला कायमची चिकटवलेली नसते. काढून दुसरी घालता येते.

विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला वय असतं. कंपनी काही वर्षं तिची डागडुजी करते आणि मग थांबते. विंडोज एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नेटबुकमध्ये ती नसते. म्हणजे पुढचा रस्ता बंद, आणि आहे तिथे राहावं तर नवीन वेबसाईट उघडत नाहीत आणि व्हायरसची भीती राहते.

अशा वेळी बाजारात एक सोपा उपाय मिळतो. तीन-चारशे रुपयांत कुणीतरी क्रॅक केलेलं विंडोज १० टाकून देतो. एक जीबी रॅमवर ते आणखीच रडतं. क्रॅक करणाऱ्याने आत काय घालून ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही. आणि ज्याची किंमत आपण दिली नाही ती वस्तू घरात वापरायची का, हा प्रश्न लेकरांना अमानतीचा धडा देणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला विचारायला हवा. फुकट, कायदेशीर आणि हलकी सिस्टीम हजर असताना तर नक्कीच. तिचं नाव लिनक्स.

हा जुगाड नाही

लिनक्स म्हटलं की आपले लोक बिचकतात. "ते इंजिनियर लोकांचं असतं." पण नेटबुकची सुरुवातच लिनक्सवर झाली आहे. असुस कंपनीचं ईईई पीसी ७०१ ऑक्टोबर २००७ मध्ये बाजारात आलं, सात इंची स्क्रीन आणि ४ जीबी साठवण घेऊन. त्यात आधी लिनक्सच होतं. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ स्टार्टर या छोट्या मशीनवर नंतर आलं. स्टार्टर ही तर इतकी कापलेली आवृत्ती, की तिच्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नाही.

त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत लेकरांना 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. त्या लॅपटॉपमध्ये रॅम होती फक्त २५६ एमबी आणि साठवण १ जीबी. त्यावर शुगर नावाचं, लिनक्सवर चालणारं, लेकरांसाठी बनवलेलं रूप होतं. आपल्या कपाटावरच्या नेटबुकमध्ये त्याच्या चौपट रॅम असते. मग ते बेकार कसं?

केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर लिनक्स गेली अनेक वर्षं रोजच्या वापरात आहे. २०१९ साली तिथे दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती काढली गेली. आपल्याकडे सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलं आहे. आणि आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, फुकट. म्हणजे घरात शिकवायला कुणी नसलं तरी लेकरू अडत नाही.

आधी मशीन ओळखा

घाई करू नका. मशीन चालू करा, 'कॉम्प्युटर'वर उजवं बटन दाबा, 'प्रॉपर्टीज' उघडा. प्रोसेसरचं नाव आणि रॅम वहीत लिहून घ्या.

इथे एक फसगत होते. तिथे '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम' असं लिहिलेलं दिसतं आणि लोकांना वाटतं की प्रोसेसरच ३२ बिटचा. तसं नाही. विंडोज ७ स्टार्टर ही फक्त ३२ बिटमध्येच यायची, आतला प्रोसेसर कोणताही असो. म्हणून प्रोसेसरचा नंबर बघा. इंटेल ॲटम एन२७० किंवा एन२८० असेल तर तो खरोखर ३२ बिटचा. एन४५०, एन४५५, एन५७० असेल तर ६४ बिट चालतं.

हा फरक आता महत्त्वाचा झालाय, कारण ३२ बिटचं दुकान हळूहळू बंद होतंय. उबुंटू आणि लिनक्स मिंट यांनी ३२ बिटच्या नव्या आवृत्त्या थांबवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट मशीनवर बसवायची सोय राहिली नाही. त्याआधीच्या डेबियन १२ मध्ये ती आहे, आणि त्या आवृत्तीला सुरक्षेची डागडुजी जून २०२८ पर्यंत मिळायची आहे. म्हणून आम्ही ३२ बिटच्या नेटबुकवर डेबियन १२ वर उभी असलेली 'अँटिएक्स २३' टाकतो. शोधताना स्पेलिंग ए, एन, टी, आय, एक्स असं टाका. ही ५१२ एमबी रॅमवरही उभी राहते. ६४ बिटचं मशीन आणि २ जीबी रॅम असेल तर तिचीच ६४ बिट आवृत्ती किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती घ्या.

रॅमची पट्टी बदलता येत असेल तर १ च्या जागी २ जीबीची टाका. जुन्या सामानात स्वस्त मिळते. एन२७० आणि एन४५० वाल्या मशीनमध्ये २ जीबीच्या वर जाता येत नाही, म्हणून मोठी पट्टी घेऊन पैसे घालवू नका. पट्टी घ्यायच्या आधी जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन जाती एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत.

आमची चूक वाचा, मग पुढे जा

हे काम आम्ही पहिल्यांदा केलं ते एका सहशिक्षकांच्या नेटबुकवर. ते उर्दू शिकवतात. आम्ही विचारलं, "डेस्कटॉपवरचं सगळं काढून घेतलं ना?" ते म्हणाले, "हो, बाकीचं डी ड्राइव्हमध्ये आहे, ते सुरक्षित आहे." आम्हालाही तसंच वाटलं. सिस्टीम टाकताना 'पूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडला आणि पुढे गेलो. अर्ध्या तासात मशीन पळायला लागलं. दोघेही खूश.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी हळूच विचारलं, "सर, त्या प्रश्नपत्रिका कुठे दिसतील?" आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, व्याकरणाच्या टाचणांसह, सगळं डी ड्राइव्हमध्ये होतं. आणि डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हतीच. एकाच हार्डडिस्कच्या दोन खोल्या केलेल्या, एकीचं नाव सी, दुसरीचं डी. आम्ही घरच पाडलं होतं. ते आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. पण नंतर कितीतरी रात्री बसून त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, ते आम्ही बघितलंय.

तेव्हापासून आमचा नियम आहे. सी, डी, ई, जे काही दिसेल ते सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर कॉपी करायचं. मग मालकाला समोर बसवून, त्याच्याच हाताने त्यातल्या चार-पाच फाईली उघडायला लावायच्या. उघडल्या तरच पुढे. आणि ज्याचं मशीन आहे त्याच्याकडून "सगळं पुसलं तरी चालेल" असं तोंडाने वदवून घ्यायचं.

दुसरी बाजूही आहे. जुन्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचे फोटो, कागदपत्रं, कधी पासवर्डही सापडतात. ती कुणाची तरी अमानत आहे. उघडून बघत बसू नका, लेकरांच्या हाती देऊ नका. मालक माहीत असेल तर एकदा विचारा, नसेल तर न बघता पुसा.

खालचं विंडोजचं स्टिकर पूर्ण पुसायच्या आत त्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवा. तो त्या मशीनसोबतचा तुमचा हक्काचा परवाना आहे. डिस्क पूर्ण पुसली की कंपनीने आत लपवून ठेवलेला रिकव्हरीचा भागही जातो, हे लक्षात असू द्या. मग मूळ विंडोज सहज परत आणता येत नाही.

प्रत्यक्ष काम

लागणाऱ्या वस्तू: एक चालू संगणक, किमान ४ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, आणि नेटबुकचा चार्जर. नुसत्या बॅटरीवर हे काम करू नका. जुनी बॅटरी मध्येच मान टाकते.

१. चालू संगणकावर सिस्टीमची आयएसओ फाईल उतरवून घ्या, साधारण दोन जीबीच्या आसपास असते. ती तिच्या मूळ वेबसाईटवरूनच घ्या.

२. ही फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचर हे फुकट सॉफ्टवेअर वापरून ती 'लिहावी' लागते. पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं यात पुसलं जातं.

३. पेनड्राइव्ह नेटबुकला लावा, मशीन चालू करा आणि लगेच बूट मेनूचं बटन दाबत राहा. असुस ईईई पीसीला एस्केप, डेलला एफ१२, एचपी मिनीला एफ९. एसर ॲस्पायर वनला एफ१२ आहे, पण आधी एफ२ दाबून बायोसमध्ये बूट मेनू चालू करावा लागू शकतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, सुरुवातीच्या स्क्रीनवर खाली बघा.

४. आता सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. आतली डिस्क अजून तशीच आहे. इथे थांबा आणि तपासा: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, सगळी बटनं चालतात का, टचपॅड चालतो का. काही पटलं नाही तर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, जुनं विंडोज जसंच्या तसं परत.

५. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही मशीनमधल्या वायफाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. तोपर्यंत मोबाईल यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. नेट मिळतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो.

६. सगळं ठीक असेल तर 'इन्स्टॉल'. डिस्क निवडताना तिचा आकार बघा. १६० किंवा २५० जीबी म्हणजे आतली डिस्क, ४ किंवा ८ जीबी म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. वेळेचा विभाग कोलकाता. पासवर्ड असा ठेवा की घरात दोघांना तरी माहीत असेल, आणि वहीच्या मागे लिहा.

७. नेटबुकचा स्क्रीन फक्त ६०० ठिपके उंच असतो. कधी कधी 'ओके'चं बटन स्क्रीनच्या खाली जातं आणि माणूस तिथेच अडकतो. ऑल्ट बटन दाबून धरा आणि माऊसने खिडकी वर ओढा. बटन दिसेल.

८. सिस्टीम बसल्यावर वेबसाईट उघडेनात आणि सुरक्षेची चेतावणी येत राहिली तर आधी तारीख बघा. जुन्या मशीनमधला बटनसेल संपलेला असतो आणि घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. तारीख नीट केली की वेबसाईट उघडतात. सेल साधारण सीआर२०३२ नंबरचा असतो. काही नेटबुकमध्ये तो वायरसकट येतो, मग मेकॅनिकला द्या.

मराठी आणि उर्दू, दोन्ही

आपल्या घरांसाठी ही सगळ्यात कामाची गोष्ट. लेकरू शाळेत मराठी लिहितं, घरी उर्दू वाचतं. दोन्ही लिपी एका मशीनवर हव्यात.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंग्रजीसोबत मराठी आणि उर्दू जोडून ठेवता येतात. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे लवकर बसते. हीच मांडणी विंडोजवरही असते, म्हणून सराव वाया जात नाही. उर्दूसाठी 'फोनेटिक' घ्या. त्यात ए च्या बटनावर अलिफ, बी वर बे.

फॉन्ट मात्र वेगळे टाका. मराठीसाठी 'लोहित देवनागरी' आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी तो सांभाळला आहे. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' टाका. तो नसेल तर उर्दू नस्खमध्ये, म्हणजे अरबीसारखी सरळ दिसते आणि पाठ्यपुस्तकाच्या वळणाची सवय असलेली लेकरं अडखळतात. दोन्ही फॉन्ट सिनॅप्टिक नावाच्या यादीत शोधले की सापडतात, फुकट.

नेट नसलेल्या घरांसाठी किविक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात मराठी आणि उर्दू विकिपीडियाची फाईल एकदा उतरवून ठेवली की नंतर नेटशिवाय वाचता येते.

काय होणार नाही

खोटी आशा देणार नाही. हे मशीन नवीन होत नाही. यूट्यूब अडखळत चालेल, व्हिडिओ मीटिंग धड होणार नाही, एकावेळी दोन-तीनपेक्षा जास्त टॅब उघडले की दम लागेल. गूगल क्रोम ३२ बिट लिनक्सवर २०१६ पासून मिळत नाही. फायरफॉक्स वापरा.

एमएस-सीआयटीचा अभ्यास विंडोज आणि एमएस ऑफिस धरून असतो. लिब्रेऑफिसमध्ये तेच काम होतं, पण मेनू वेगळे दिसतात. कोर्स लावला असेल तर सरावासाठी विंडोजचं मशीन लागेलच.

उर्दू शिक्षकांनी एक गोष्ट जास्त जपावी. इनपेजच्या फाईली लिनक्सवर सरळ उघडत नाहीत. मराठीत श्रीलिपीत लिहिलेला मजकूर त्याचा फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतो. म्हणून सिस्टीम बदलायच्या आधीच, जुन्या विंडोजवर, तो मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि एक पीडीएफही काढून ठेवा. इनपेजशिवाय चालतच नसेल तर पूर्ण डिस्क पुसू नका. विंडोज शेजारी ठेवून लिनक्स बसवता येतं आणि सुरू करताना दोन्हीपैकी एक निवडता येतं. फक्त त्या जुन्या विंडोजला नेट जोडू नका.

तर एवढं करून मिळतं काय? टायपिंग, अर्ज लिहिणं, हिशोबाची शीट, पीडीएफ पुस्तकं, चित्रं, थोडं प्रोग्रॅमिंग. अकरावीच्या लेकराला कॉम्प्युटरची भीती घालवायला एवढं पुष्कळ झालं.

पंक्चरवाल्या भाईंचं नेटबुक आता दीड मिनिटाच्या आत सुरू होतं. वायफाय काही केल्या लागलं नाही, मोबाईलची केबलच लावावी लागते, म्हणून रात्री अब्बा घरी आले की मगच नेट. पण मुलगी दुपारी टायपिंग करते. पहिल्या आठवड्यात तिने अब्बांच्या दुकानाची उधारीची वही शीटमध्ये उतरवली. नावं मराठीत, शेरे उर्दूत. भाई सांगत होते, तीन गिऱ्हाइकांची बाकी त्यांच्या स्वतःच्या लक्षातच नव्हती.

तुमच्या कपाटावर असं एखादं मशीन असेल तर ते खाली काढा. धूळ पुसा, चार्जर शोधा. आणि काहीही करायच्या आधी डी ड्राइव्ह उघडून बघा.